परिचारिकांच्या नोंदणीचे नूतनीकरण : प्रश्न केवळ कागदाचा नाही

शासकीय रुग्णालयांतील किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानातील परिचारिकांच्या पदभरतीची जाहिरात प्रसिद्ध झाली की परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर येथील झेरॉक्स व ऑनलाइन सेवा केंद्रांपुढे गर्दी होऊ लागते. गुणपत्रिका असते, पदविका असते, अनुभवाचा दाखलाही असतो. परंतु अर्जातील एका रकान्यापाशी अनेकींचा हात थबकतो. तेथे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक आणि ती नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे विचारलेले असते. नोंदणी क्रमांक पाठ असतो. वैधतेची तारीख मात्र केव्हाच उलटून गेलेली असते. मग मुंबईला फोन, ओळखीच्या कुणा मेट्रनला विनंती, आणि अर्जाची मुदत संपण्यापूर्वी काही होईल का याची घालमेल सुरू होते.

आपल्या धर्मप्रांतातील किती तरी घरांमध्ये एखादी मुलगी, सून किंवा बहीण परिचारिका आहे. मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांना गरिबीतून वर काढणाऱ्या व्यवसायांत शिक्षकी पेशाच्या बरोबरीने शुश्रूषेचे स्थान आहे. त्यामुळे हा विषय कार्यालयीन वाटला तरी तो आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. आपल्या राज्यात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये होते. त्यापूर्वी मुंबई इलाख्याचा कायदा वेगळा होता. परभणी जिल्हा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिल ही १९४७ च्या कायद्याने निर्माण झालेली संस्था शिक्षणाचा दर्जा ठरवीत आली आणि प्रत्यक्ष नोंदणी राज्यांच्या कौन्सिलांकडे राहिली. ही विभागणी ध्यानात ठेवली तर पुढचा पुष्कळसा गोंधळ टळतो. पदविका देणारी संस्था निराळी, नोंदणी करणारी निराळी आणि नोकरी देणारी आणखी निराळी. नर्सिंग शाळेने प्रमाणपत्र दिले म्हणजे कायद्याने काम करण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. तो अधिकार नोंदवहीत नाव लागल्याने मिळतो आणि नाव चालू राहिले तरच टिकतो.

हे नाव चालू ठेवण्यासाठी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पूर्वी शुल्क भरले आणि अर्ज पाठवला की काम होत असे. आता त्याला निरंतर शिक्षणाची जोड दिलेली आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलने पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर परिचर्या शिक्षण असा मापदंड घालून दिला. म्हणजे वर्षाला सरासरी ३० तास. मान्यताप्राप्त कार्यशाळा, परिषदा, सेवांतर्गत प्रशिक्षण यांत हजर राहून हे तास मिळवायचे आणि त्यांची प्रमाणपत्रे जपून ठेवायची. डॉक्टरांनाही यातून सूट नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल त्यांच्याकडून पाच वर्षांत ३० श्रेयांक मागते. (आम्हां धर्मगुरूंनी दीक्षेनंतरही अभ्यास चालू ठेवावा असे चर्चच्या कायदासंहितेतील २७९ वे कलम सांगते. आमच्या परवान्याचे मात्र पाच वर्षांनी नूतनीकरण होत नाही, हे आमचे भाग्य की भाविकांचे दुर्भाग्य, हा प्रश्न वाचकांनीच सोडवावा.)

या अटीमागील तत्त्वाला विरोध करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. वीस वर्षांपूर्वी शिकलेली औषधांची मात्रा, जंतुसंसर्ग टाळण्याची पद्धत, नवजात अर्भकाला श्वास देण्याची रीत यांत आज बदल झालेला आहे. रुग्णाच्या उशाशी चोवीस तास असते ती परिचारिका. डॉक्टरांची फेरी दिवसातून एकदा किंवा दोनदा होते. जिच्या हाती सलाइनची नळी आहे, तिचे ज्ञान ताजे असावे ही रुग्णाची न्याय्य अपेक्षा आहे.

अडचण येते ती हे तास मिळवायचे कोठे, या प्रश्नापाशी. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथील मोठ्या रुग्णालयांत आणि नर्सिंग महाविद्यालयांत कार्यशाळा वारंवार होतात. परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांत विखुरलेल्या परिचारिकेला त्यासाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. उपकेंद्रातील ए.एन.एम. भगिनीचे उदाहरण घ्या. मैदानी भागात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे शासनाचे प्रमाण आहे. लसीकरणाचा दिवस, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी, अहवाल आणि त्यांची संगणकीय नोंद हे सर्व तिच्याकडे असते. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे निघतात, तेव्हा त्यांतील गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांची नोंद ठेवणे हेही तिचेच काम. तिने दोन दिवसांची रजा घेतली तर तिच्या जागी उभे राहायला बहुधा कोणी नसते.

खाजगी रुग्णालयांतील परिचारिकेची स्थिती आणखी बिकट आहे. शासकीय सेवेत निदान सेवांतर्गत प्रशिक्षणाची व्यवस्था आहे. लहान नर्सिंग होममध्ये कार्यशाळेला जाणारीचा त्या दिवसाचा पगार कापला जातो, नोंदणी शुल्क आणि प्रवासखर्च तिच्या पदरचा होतो. मग स्वाभाविकपणे असे घडते की, तास भरून देणाऱ्या स्वस्त कार्यक्रमांकडे ओढा वाढतो. सकाळी सही करावी, दुपारी प्रमाणपत्र घ्यावे आणि गाडी पकडावी. १५० तासांचा हिशेब जुळतो. ज्ञानात किती भर पडली, हे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न किती गंभीर आहे हे आपल्याच राज्यातील अलीकडच्या घटनांनी दाखवून दिले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी कारवाईचा बडगा परिचारिकांवरही उगारला गेला. नगरमध्ये तर अटकही झाली. त्यांच्या दोषाविषयी निर्णय देणे हे न्यायालयाचे काम आहे. पण एक प्रश्न विचारणे आपले काम आहे. धुराने भरलेल्या कक्षातून रुग्णांना कोणत्या क्रमाने बाहेर काढायचे, प्राणवायूचा पुरवठा कोठे बंद करायचा, अग्निशामक नळकांडे कसे वापरायचे, याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण किती परिचारिकांना दिले जाते? पाच वर्षांतील १५० तासांपैकी चार तास जरी यासाठी सक्तीचे झाले आणि ते तिच्याच वॉर्डात, तिच्याच खाटांमध्ये घेतले गेले, तर ते एखाद्या हॉटेलच्या सभागृहातील दिवसभराच्या भाषणांहून अधिक मोलाचे ठरतील.

आणि नांदेड तर आपल्या शेजारीच आहे. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दरम्यानच्या चोवीस तासांत तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण मरण पावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी औषधांच्या तुटवड्याइतकीच चर्चा रिक्त पदांची झाली. परभणी जिल्ह्यातून गंभीर रुग्ण नांदेडला पाठविले जातात, ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी सांगावयास नको. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही शासकीय वॉर्डात रात्रपाळीला जाऊन खाटा मोजाव्यात आणि परिचारिका मोजाव्यात. वेगळी आकडेवारी शोधण्याची गरज भासणार नाही. परभणीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची बाब आहे. आता परिचारिकांचे निरंतर शिक्षण जिल्ह्यातच घेण्यास जागा आणि शिक्षक नाहीत, ही सबब शासनाला पुढे करता येऊ नये.

परिचारिका तुटपुंज्या असताना नोंदणीची अट कडक केली तर उलट नुकसानच होईल, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो पूर्ण खरा नाही. तालुक्याच्या गावांतील काही लहान रुग्णालयांत पांढरा कोट घालून वावरणाऱ्या सर्वच मुली परिचारिका नसतात. दहावी-बारावीनंतर ‘काम शिकायला’ आलेली मुलगी सहा महिन्यांत इंजेक्शन देऊ लागते आणि रुग्ण तिलाही सिस्टर म्हणतात. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ मध्ये अर्हताप्राप्त परिचारिकांची अट असूनही हे चालते, कारण अशा मुलीला पगार कमी द्यावा लागतो. नोंदवही ढिली ठेवली तर लाभ या व्यवहाराचा होतो. तीन वर्षे खपून जी.एन.एम. झालेल्या मुलीचे वेतन वर येत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे. वैध नोंदणीचा आग्रह हा तिच्याच हिताचा आहे.

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग, आचारसंहिता व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ आणि राष्ट्रीय नोंदवही अशी त्याची रचना आहे. त्यापूर्वीच इंडियन नर्सिंग कौन्सिलने परिचारिकांची संगणकीय नोंद सुरू करून प्रत्येकीला एक राष्ट्रीय ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था केली. ती आधार क्रमांकाशी जोडलेली आहे. यापुढे सर्व काही एका नोंदवहीकडे जाणार, हे उघड आहे. ज्यांची राज्यातील नोंदणी अद्ययावत आहे त्यांना हा बदल सोपा जाईल. ज्यांची नोंदणी दहा वर्षे थकलेली आहे त्यांना तो जड जाईल.

येथे नावाचा प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत जाचक आहे. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, वडिलांच्या जागी पतीचे नाव येते आणि काही घरांत तिचे स्वतःचे नावही बदलले जाते. नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, पदविकेवर शाळेतील स्पेलिंग आणि बँकेत चौथेच काही. संगणकाला ही एकच स्त्री आहे हे समजत नाही. त्यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते, प्रसंगी शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. ख्रिस्ती कुटुंबांत आणखी एक भर पडते. चर्चच्या विवाह नोंदवहीतील उतारा हाती आहे म्हणून अनेक दांपत्ये निश्चिंत असतात. परंतु कार्यालये बहुधा नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतील नोंदणीचा दाखला मागतात. धर्मग्रामाच्या कार्यालयाने उतारा मागितल्याबरोबर द्यावा आणि नवदांपत्याला नागरी नोंदणीची आठवण करून द्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. बाप्तिस्म्याचे नाव आणि शाळेतील नाव निराळे ठेवण्याची आपली जुनी सवय मुलींना पुढे किती महाग पडते, हेही आईवडिलांनी लक्षात घ्यावे.

धर्मभगिनींची अडचण थोडी वेगळी आहे. त्यांच्यापैकी अनेकींचे शिक्षण केरळ, कर्नाटक किंवा आंध्र प्रदेशात झाले, नोंदणीही तिकडचीच. मग मठाने त्यांना मराठवाड्यातील खेड्यात पाठविले आणि तेथील दवाखान्यात त्यांनी उभे आयुष्य काढले. दुसऱ्या राज्यातील नोंदणीवर महाराष्ट्रात काम करता येत नाही. तेथील कौन्सिलचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन येथे नाव नोंदवावे लागते. सेवाभाव निर्विवाद असला तरी कायदा हेतू पाहत नाही, आणि एखादी दुर्घटना घडली तर संपूर्ण संस्था अडचणीत येते. व्रतस्थ स्त्रियांना प्रसूतिविद्येचे काम करण्यास रोमने मोकळीक दिली ती ११ फेब्रुवारी १९३६ च्या आदेशपत्राने. त्या आदेशाचा रोख असा होता की, त्यांनी रीतसर शिक्षण आणि पदवी घेऊनच हे काम करावे. आपल्या देशातील कॅथलिक आरोग्यसेवेची संघटना १९४३ मध्ये उभारणाऱ्या सिस्टर मेरी ग्लोरी या स्वतः पदवीधर डॉक्टर होत्या. तेव्हा नोंदणीला दुय्यम मानणे हे आपल्या परंपरेलाही धरून नाही. मठांच्या वरिष्ठांनी बदलीच्या आदेशाबरोबरच नोंदणी हस्तांतराचा अर्ज पाठवावा.

परदेशी गेलेल्या वा जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना या साऱ्याची जाणीव लवकर होते. आखाती देशांत मूळ कौन्सिलकडून कागदपत्रांची पडताळणी आणि सद्वर्तन प्रमाणपत्र मागितले जाते. नोंदणी खंडित असेल तर तेथेच गाडी अडते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून दर तीन वर्षांनी पुनर्वैधता घ्यावी लागते. त्यासाठी ४५० तासांचे प्रत्यक्ष काम आणि ३५ तासांचे शिक्षण हवे. शिवाय आपल्या कामाविषयी पाच अभिप्राय आणि स्वतः लिहिलेली पाच चिंतनपर टिपणे द्यावी लागतात, आणि त्यांवर सहव्यावसायिकाशी चर्चा करावी लागते. आपल्या १५० तासांपुढे ३५ तास थोडे वाटतात. परंतु तेथे परिचारिकेला आपण काय शिकलो आणि त्यामुळे कामात काय बदलले, हे लिहून द्यावे लागते. आपल्याकडे केवळ हजेरी मोजली जाते. नव्या आयोगाने तासांचा आकडा वाढविण्यापेक्षा या गोष्टीचे अनुकरण केले तर बरे होईल.

तोपर्यंत वाचकांपैकी ज्या परिचारिका आहेत त्यांनी आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावरील तारीख आजच पाहावी. परिचारिका आणि प्रसाविका अशा दोन्ही नोंदी असतील तर दोन्ही पाहाव्यात. अर्ज ऑनलाइन भरता येतो. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जाण्याची पाळी प्रत्येक वेळी येत नाही. कार्यशाळेच्या प्रमाणपत्रांची एक स्वतंत्र फाइल करावी, नावातील तफावत नूतनीकरणाच्या आधी दुरुस्त करून घ्यावी आणि मुदत संपण्यापूर्वी किमान सहा महिने हालचाल सुरू करावी. नोंदणी खंडित झाली असेल तर पदविका वाया गेली असे समजू नये. थकलेल्या काळाचे शुल्क भरून व अटी पूर्ण करून नाव पुन्हा लावता येते. अर्ज भरताना संगणकाची अडचण असेल तर धर्मग्रामातील तरुणांनी रविवारच्या मिस्सेनंतर तासभर बसून या भगिनींना मदत करावी. त्यासाठी सभागृहाची किल्ली आणि इंटरनेटची जोडणी देण्यास धर्मगुरूंची हरकत असण्याचे कारण नाही.