मधाला मुदत कसली?

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस देवगडच्या बाजारपेठेत एक साधाच प्रसंग आमच्या पाहण्यात आला. हापूसचा हंगाम सरत आला होता. मुंबई-पुण्यास परतणारे चाकरमानी आंबापोळी, कोकमाचे आगळ, काजूगर आणि मधाच्या बाटल्या खरेदी करीत होते. एका गृहस्थांनी मधाची बाटली उचलली, चष्मा पुसून तिच्यावरील तारीख वाचली आणि बाटली जागच्या जागी ठेवून दिली. मुदत आठवड्यापूर्वी संपली होती. दुकानदाराने तशा पाच-सहा बाटल्या निमूटपणे फळीवरून काढल्या व तो म्हणाला, ‘‘मध बिघडूक नाय, पण तारीख सरली. आता माका तो इकूक येवचो नाय.’’

चूक दुकानदाराची नव्हती आणि ग्राहकाचीही नव्हती. दोघेही नियमाला धरूनच वागले. तरीही सहा बाटल्या चांगला मध विक्रीतून बाद झाला. जो नियम शहाण्या माणसांना असे वागावयास लावतो, तो नियम तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मध का टिकतो, हे कोडे नाही. पक्व मधात सुमारे ऐंशी टक्के शर्करा असते आणि पाणी इतके थोडे की, त्यात पडलेल्या सूक्ष्म जंतूंतील ओलावा मधच शोषून घेतो. तो आम्लधर्मीही असतो. मधमाशीने त्यात मिसळलेल्या पाचक द्रव्यामुळे जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइडही अल्प प्रमाणात तयार होते. थंडीत मध साखरतो तो त्यातील ग्लुकोजचे कण बनतात म्हणून. तो बिघडल्याचे किंवा त्यात भेसळ असल्याचे ते लक्षण नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पूर्ववत पातळ होतो. काळाने त्याचा रंग गडद होतो, सुगंध उणावतो, हे खरे. पण सुगंध उणावणे आणि अन्न अखाद्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत नवा मध पुष्टी देणारा आणि जुना मध मेद कमी करणारा, असे दोहोंचे वेगवेगळे गुण सांगितले आहेत. जुना म्हणून तो टाकून द्या, असे तेथे म्हटलेले नाही.

मग मध कधीच बिघडत नाही काय? बिघडतो; पण तो तारखेने नव्हे, कच्चेपणाने. देवगडच्या बागाइतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. आंबा चौदा आणे तयार झाल्यावाचून तो झाडावरून उतरवीत नाही. कोवळा आंबा अढीत कितीही जपला तरी त्याला हापूसची चव येत नाही. मधाचेही तसेच आहे. पोळ्यातील घरे माशांनी मेणाने बंद केली म्हणजे मध पिकला. घाईने, उघड्या घरांतून काढलेल्या मधात पाणी अधिक राहते. आपल्या नियमांनी मधातील पाण्याची मर्यादा वीस टक्के ठरविली आहे. ती ओलांडली गेली आणि वर किनारपट्टीवरील पावसाळ्याची दमट हवा लागली की, तो मध फेसाळतो व आंबतो. मग बाटलीवर पुढील वर्षाची तारीख असली तरी तिचा काही उपयोग नाही. उलट पक्व, घट्ट झाकलेला मध छापील तारखेनंतरही वर्षानुवर्षे निर्धोक राहतो. म्हणजे ज्या मधापासून ग्राहकाला सावध करावयास हवे त्याबद्दल ही तारीख मौन पाळते, आणि ज्याबद्दल भय नाही तो मात्र टाकून देण्यास लावते.

आता कायद्याकडे वळू. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 सालच्या लेबलविषयक विनियमांनी ‘एक्सपायरी’ अथवा ‘यूज बाय’ तारीख छापणे सक्तीचे केले. ‘बेस्ट बिफोर’ हे शब्द ऐच्छिक ठरविले. पहिल्या शब्दांचा अर्थ ‘यानंतर विकू नये’ असा, तर दुसऱ्यांचा ‘तोवर गुण उत्तम राहतील’ असा होतो. एक सुरक्षिततेचा इशारा आहे, तर दुसरे उत्पादकाचे आश्वासन. मधाला शोभणारा शब्द ऐच्छिक आणि न शोभणारा सक्तीचा, अशी ही उलटी व्यवस्था आहे. त्याच विनियमांत घन साखर, व्हिनेगर आणि वाइन यांना मुदतीच्या तारखेपासून सूट आहे. साखर ज्या कारणाने टिकते त्याच कारणाने मधही टिकतो. मग साखरेला एक न्याय आणि मधाला दुसरा का?

यावर कोणी म्हणेल की, तारखांची सक्ती सैल केली तर व्यापारी सोकावतील. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. दूध, मासळी आणि लहान मुलांचे अन्न यांवर तारीख हवीच, आणि ती खोडून नवी चिकटविणाऱ्यास कठोर शासनही हवे. एक वर्षाखालील अर्भकास मध मुळीच देऊ नये, हा इशारा तर बाटलीवर ठळक अक्षरांत असावा; कारण मधातील विशिष्ट जीवाणूंचे बीजाणू त्याच्या जिवावर बेतू शकतात. परंतु सगळ्याच पदार्थांवर एकच शिक्का मारल्याने ग्राहक सावध होत नाही. तो नाक, जीभ आणि डोळे वापरण्याचेच विसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 मधील अहवालाप्रमाणे 2022 साली जगात सुमारे 1.05 अब्ज टन अन्न वाया गेले, आणि त्यातील 60 टक्के घरांतून गेले. कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये कायदा करून गुणवत्तेची तारीख आणि सुरक्षिततेची तारीख यांसाठी दोन निश्चित शब्दप्रयोग ठरवून दिले, ते उगाच नव्हे.

मधाच्या ग्राहकाची खरी फसवणूक होते ती अन्यत्रच. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत 13 ब्रँडांपैकी 10 ब्रँडांचे मध प्रगत चाचणीत शुद्धतेच्या कसोटीस उतरले नाहीत. त्या बाटल्यांवरही तारखा होत्याच! साखरेचा पाक मिसळलेला मध तारखेच्या आत असला म्हणून काय झाले? तो कोठला, कोणत्या फुलोऱ्याचा, केव्हा काढलेला आणि कोणी भरलेला, हे ग्राहकास कळले पाहिजे.

याचा धडा देवगडनेच घालून दिला आहे. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी देवगडच्या नावावर परप्रांतीचा आंबा विकला जाण्याचे थांबले नाही. तेव्हा देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे, काढू जाता फाटणारे सील लावण्याची योजना आणली. आंबा केव्हा नासेल ते हे सील सांगत नाही; तो कोणाच्या बागेतला, ते सांगते. मधाच्या बाटलीवर असे सील का असू नये?

सरकारने मधाचा समावेश साखर-व्हिनेगरच्या सूचीत करावा. मुदतीऐवजी मध काढल्याची व भरल्याची तारीख, उगमस्थान आणि पाण्याचे प्रमाण छापणे सक्तीचे करावे, आणि भेसळीच्या प्रगत चाचण्या जिल्ह्याच्या आवाक्यात आणाव्यात. उत्पादकांनी पोळी पिकेपर्यंत धीर धरावा. आणि आमच्या वाचकांनी फडताळातील जुन्या मधाची बाटली फेकण्यापूर्वी झाकण उघडून एकदा वास घ्यावा. आंबूस वास वा फेस नसेल, तर ती बाटली खुशाल फळीवर परत ठेवावी.