बॉनेटखालचं माजघर

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत आपण माळा रिकामा करतो, फ्रिजच्या मागची जाळी पुसतो, शेगडीचे बर्नर सोड्यात भिजत घालतो. गाडी मात्र बाहेरून चकचकीत झाली की संपलं! बॉनेट उघडणं हे पुरुषांचं खातं, असं आपल्याकडे न बोलताच ठरून गेलंय. आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी सफाईने गाडी चालवतात. पण बॉनेटचा खटका कुठे आहे विचारलं, तर निम्म्याजणी एकमेकींकडे बघतात.

ही सफाई नुसती दिसण्यासाठी नाही. पावसाळ्यात उबेसाठी उंदीर आत शिरतात, वायरी कुरतडतात. त्यांनी गोळा केलेला पालापाचोळा तापलेल्या भागाला लागला, तर आगही लागू शकते. तेलकट मळाचा थर बसला, की नवी गळती कुठून होतेय तेच कळत नाही.

पण घरात फरशी धुतो तसं इथे बादलीभर पाणी ओतायचं नाही. आधी गाडी बंद करून इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं, किल्ली काढून घ्यावी. गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून अंगावर येतं. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्या, मंगळसूत्र आणि ओढणी आत खोचावी. बॅटरीच्या दोन्ही टोकांना धातू टेकला तर ठिणगी उडते, भाजतं. बॅटरीची वायर काढायची असेल, तर माहितीपुस्तक बघून आधी ऋण टोकाची काढावी आणि लावताना तीच शेवटी लावावी.

मग पाला हाताने वेचावा, धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. फ्यूजची पेटी, अल्टरनेटर आणि हवा आत घेणारं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावं. ओलसर फडक्याला थोडा सौम्य साबण लावून प्लॅस्टिकचे भाग पुसावे. जोराच्या फवाऱ्याने पाणी वायरींच्या जोडांत शिरतं, म्हणून तो नकोच. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड हातमोजे घालून, वायर काढल्यावर, सोड्याच्या पाण्याने निघते. शेवटी सगळं कोरडं करावं, पिशव्या आठवणीने काढाव्या, फडकी मोजून घ्यावी!

काही गॅरेजांत चकाकीसाठी डिझेल किंवा रॉकेल मारतात. ते ज्वालाग्राही असतं, रबर खराब करतं आणि वर धूळ चिकटते, ती वेगळीच. स्पष्ट 'नको' म्हणावं. हायब्रीड किंवा विजेवरच्या गाडीत नारिंगी जाड वायरी दिसल्या, तर त्यांना हातच लावू नये. तिथे जीवघेणा विद्युतदाब असतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसावं. ते चवीला गोड पण विषारी असतं, आणि अंगणात मुलं, मांजरं फिरत असतात.

अर्ध्या-पाऊण तासाच्या या कामात आपली नजर तयार होते. कुठली नळी सुजलीय, कुठे तेल पाझरतंय, ते आपल्याला आधी दिसतं. मग गॅरेजवाला 'हे बदलावं लागेल ताई' म्हणाला, की 'कुठे, दाखवा' असं विचारता येतं. सिलिंडरची नळी तपासायला आपण कुणाची वाट बघत नाही. मग मुलांना मागे बसवून ज्या गाडीतून आपण जातो, तिचं बॉनेट उघडायला कुणाची वाट का बघायची?