इलेक्ट्रॉनचा हिशोब कोण देणार?

मेसच्या वहीत बेरीज बरोबर आली म्हणजे हिशोब खरा, असं होस्टेलवर कुणी मानतं का? नाही ना? मग रेडॉक्सच्या समीकरणाला आपण एवढ्यावर का सोडतो? डावीकडचे अणू मोजले, उजवीकडचे मोजले, जुळले की झालो मोकळे! माझं म्हणणं असं की, ही पद्धत नुसती अर्धवट नाही, ती फसवी आहे.

उदाहरण बघा. आम्ल द्रावणात परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र आले की जांभळा रंग उडतो, ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. बरोबर समीकरण असं :

२ परमँगनेट + ५ पेरॉक्साईड + ६ हायड्रोजन आयन → २ मँगनीज आयन + ५ ऑक्सिजन + ८ पाणी

आता पेरॉक्साईड ५ ऐवजी ३ घ्या, उजवीकडे ऑक्सिजन ४ आणि पाणी ६ लिहा. मोजा. अणू जुळतात! विद्युतभारही दोन्हीकडे +४. पेरॉक्साईड ७, ऑक्सिजन ६, पाणी १० घेतलं, तरी जुळतं. एम-वनमधलं मॅट्रिक्स लावलंत तर अशी अगणित उत्तरं निघतील. कारण पेरॉक्साईडचं स्वतःचंच पाणी आणि ऑक्सिजन होऊ शकतं. ती वेगळी प्रक्रिया यात कितीही वेळा मिळवा किंवा वजा करा, बेरीज बिघडत नाही.

मग खरं उत्तर कोणतं? ते इलेक्ट्रॉन सांगतात. मँगनीज +७ वरून +२ वर येतं, म्हणजे ५ इलेक्ट्रॉन घेतं. पेरॉक्साईडचा एक रेणू ऑक्सिजन होताना २ देतो. देणं-घेणं १० वर मिटतं, म्हणून २ ला ५. बस्स!

'एवढ्यानं काय बिघडतं राव?' असं कुणी म्हणेल. तर ब्युरेट रीडिंग अगदी अचूक घेऊनही २ ला ३ धरलंत, तर पेरॉक्साईडची ताकद खऱ्याच्या ६० टक्केच येईल. सिव्हिलवाले सांडपाण्याची सीओडी काढतात, त्या सूत्रातला ८ हा आकडा तरी काय आहे? ऑक्सिजनचे ३२ भागिले ४ इलेक्ट्रॉन! सूत्र पाठ असतं, त्यातला इलेक्ट्रॉन मात्र कुणाला दिसत नाही.

दोष फक्त पोरांचा नाही. पेपरात मार्क आकड्यांना मिळतात, मग पोरं आकडेच पाठ करणार. म्हणून सर-मॅडमना एक विनंती. ओरलला समीकरण विचारूच नका, ते जर्नलमध्ये आहेच. 'इलेक्ट्रॉन कुणी दिले, कुणी घेतले, किती?' एवढंच विचारा. पहिल्या वर्षी आमची थोडी तारांबळ उडेल, पण पुढे कारखान्याच्या लॅबमध्ये बसल्यावर आकडा कुठून आला, हे तरी सांगता येईल.