वाढते वय आणि गाडीची निगा

व्यापारी घरांतील जी पिढी आज पासष्टी-सत्तरीत आहे, तिने मोटार चालवायला शिकता शिकताच मोटार उघडायलाही शिकून घेतले होते. फियाट आणि ॲम्बॅसिडर याच गाड्या प्रामुख्याने रस्त्यावर दिसत, तो काळ फार दूरचा नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे तालुक्याच्या पेठांतून जुन्याच गाड्या धावत राहिल्या. सांगलीहून पहाटे निघावे, खंबाटकीच्या घाटात रेडिएटरमधून वाफ येऊ लागावी, गाडी कडेला घेऊन इंजिन निवेपर्यंत थांबावे, पाणी घालावे आणि पुण्याच्या भुसार बाजारात सौद्याच्या वेळेपूर्वी पोहोचावे, हा नित्याचा क्रम होता. डिकीत फॅन बेल्ट, दोन प्लग, कंडेन्सर, पॉलिश पेपर आणि पाण्याचा डबा असे. रस्त्यात गाडी उभी राहणे म्हणजे दिवसाचा सौदा बुडणे. म्हणून पॉइंट घासणे, प्लगची फट साधणे, कार्बुरेटरमधला कचरा फुंकून काढणे या गोष्टी हौस म्हणून नव्हे, धंद्याची गरज म्हणून अंगवळणी पडल्या.

त्या हातांना आज सांगितले जाते की आता गाडीला हात लावू नका. सांगणारी मुले प्रेमाने सांगतात, त्यांच्या काळजीला आधारही असतो. तरीही ऐकणाऱ्याच्या मनाला ते लागते, कारण पेढी मुलांच्या हाती गेली, हिशेब संगणकावर गेला, आणि स्वतःचे म्हणावे असे जे एखादे काम उरले होते तेही गेले असे त्याला वाटते. यातून दोन टोके निर्माण होतात. एक तर वडील रुसून गाडीकडे पाहणेच सोडतात, किंवा मुले दुकानात गेल्यावर दुपारच्या वेळी, घरात कोणी नसताना, गाडीखाली शिरतात. यातील दुसरे टोक अधिक धोक्याचे आहे.

मोटारीखाली शिरण्याविषयी स्पष्टच बोलले पाहिजे. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा केवळ चाक बदलण्यासाठी असतो. लहानात लहान गाडीचे वजनही सहा-सातशे किलोंच्या पुढे असते आणि तो जॅक एका अरुंद पायावर उभा असतो. अंगणातील फरशी थोडी उताराची असेल, हँडब्रेक सैल असेल, किंवा आतून कोणी दार जोराने लावले, तर तो कलंडण्यास तेवढेच पुरते. पक्क्या जॅकस्टँडवर गाडी टेकवल्याखेरीज शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली नेऊ नये, हा नियम तरुणांसाठीही आहे. परंतु तरुण माणूस गाडी सरकल्याचा आवाज येताच बाहेर झेप घेऊ शकतो. सत्तरीतील माणसाला नुसते कुशीवर वळायलाही वेळ लागतो. हात अडकला तर खिशातील फोनचाही उपयोग नाही. तेव्हा या वयात गाडीखालचे काम, मग ते ऑइल सोडण्याचे का असेना, पूर्णपणे वर्कशॉपकडे सोपवावे. ब्रेकची दुरुस्तीही तशीच. या दोन बाबतींत मुलांचे म्हणणे मान्य करण्यात कमीपणा नाही.

शरीर बदलते ते एकदम बदलत नाही, म्हणून लक्षात येत नाही. डोळ्यांतील भिंग वयानुसार पिवळसर होते, बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, आणि ज्या उजेडात पूर्वी नट स्पष्ट दिसे त्याच उजेडात आता नुसता अंधुक गोळा दिसतो. डोक्याला बांधण्याची बॅटरी ही त्यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू. दोन्ही हात मोकळे राहतात आणि उजेड नजरेबरोबर फिरतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यास बराच वेळ वाकून वा उकिडवे बसून एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. चाकाची हवा पाहायला बसावयाचे असेल तर सरळ लहान स्टूल घ्यावे. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल तर पत्र्याच्या कडेने झालेली किरकोळ जखमही लवकर थांबत नाही. जाड हातमोजे सक्तीचे समजावेत. आणि मधुमेहामुळे ज्यांची बोटे बधिर झाली आहेत त्यांनी गरम इंजिनाजवळ हात नेण्याचे टाळावे. भाजल्याचे वेळेवर समजलेच नाही तर हात मागे घेणार कसा?

बोनेट उघडण्यापूर्वी अंगठ्या आणि मनगटातील धातूचा पट्टा उतरवून ठेवावा. व्यापाऱ्याच्या बोटात सोन्याची अंगठी असतेच. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये किंवा एका टोकात आणि पत्र्यात ती सापडली तर क्षणात तापते आणि बोट भाजून निघते. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे व बसवताना ते शेवटी लावावे. बॅटरी स्वतः उचलू मात्र नये. लहान गाडीची बॅटरीही दहा किलोंच्या आसपास असते, आणि ती हात लांब करून, वाकून उचलावी लागते. कंबर धरण्यास याहून सोयीची रीत नाही. उपरणे, सदऱ्याची सैल बाही, गळ्यातील साखळी यांचीही काळजी हवी, कारण नव्या गाड्यांतील रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद केल्यानंतरही तो आपोआप सुरू होऊ शकतो. फियाटवर हात बसलेल्या माणसाला ही सवय नसते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये हे तर खंबाटकीच्या घाटानेच त्याला शिकवलेले असते.

मग उरते काय? बरेच उरते. इंधन आता संगणकाच्या आज्ञेने इंजिनात जाते, पॉइंट आणि कंडेन्सर इतिहासजमा झाले. परंतु ऑइलची पट्टी, कूलंटच्या टाकीवरील दोन खुणा, ब्रेक ऑइलची पातळी, वायपरचे रबर, दिव्यांचे बल्ब आणि चाकातील हवा या गोष्टी होत्या तिथेच आहेत. सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागी उभी असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल पाहावे. हवाही गार चाकातच मोजावी. पेट्रोल पंपापर्यंत चालवत नेलेल्या चाकाचा दाब थोडा वाढलेलाच दिसतो. एअर फिल्टर बहुतेक लहान गाड्यांत चार चिमट्या उघडल्या की हाती येतो, आणि वातानुकूलन यंत्राचा फिल्टर पुष्कळ गाड्यांत समोरच्या खणामागे असतो. ही दोन्ही कामे उभ्याने किंवा आसनावर बसून करता येतात. नव्या गाडीत दोनच रंगांना हात लावू नये: पिवळ्या वेष्टणाच्या एअरबॅगच्या तारा, आणि विजेवरच्या वा हायब्रिड गाडीतील जाड नारिंगी तारा.

वयस्कर माणसाच्या गाडीचा खरा शत्रू धावणे नव्हे, उभे राहणे हा असतो, याचा विचार फार थोडे लोक करतात. घर ते पेढी, पेढी ते मंदिर, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. त्यात साठणारी ओल ऑइलमध्येच राहते आणि बॅटरीही पुरेशी भरत नाही. अशी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालली म्हणून ऑइल तीन वर्षे चालेल असा हिशेब कोणी मांडू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, आणि जे आधी पूर्ण होईल ते धरावयाचे असते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून तेही मुदतीने बदलतात. टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. टायरच्या कडेवर एका लहान चौकटीत चार अंक असतात; ३२१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये हा कायद्याचा दंडक आहे, परंतु नक्षी शाबूत असूनही कडेला बारीक भेगा पडल्या असतील तर द्रुतगती मार्गावर त्या टायरवर विसंबू नये. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवणे हीसुद्धा देखभालच आहे, आणि तिला पाना लागत नाही.

उभ्या गाडीचा दुसरा पाहुणा म्हणजे उंदीर. धान्याच्या पेढीजवळ राहणाऱ्यांना तो सांगावा लागत नाही. बोनेटखालची ऊब आणि तारांवरील आवरण त्याला आवडते, आणि एका रात्रीत तो वायरिंगचा असा चुराडा करतो की दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक खाली बसतो. जैन घरांत विष किंवा चिकट सापळा हा मार्ग नाही. तेव्हा तो येणारच नाही अशी व्यवस्था करणे हाच उपाय. डिकीत पोती वाहिली असतील तर सांडलेला दाणा त्याच दिवशी झाडून काढावा, नमुन्याच्या पुड्या गाडीत विसरू नयेत, बंदिस्त जागेत गाडी असेल तर रात्री बोनेट उघडे ठेवून वर दिवा लावावा, आणि शक्य तेथे बारीक जाळी बसवून घ्यावी. तंबाखूची पुरचुंडी टांगण्याचा उपाय अनेक जण सांगतात. त्यावर फार भिस्त ठेवण्याचे कारण नाही. पावसाळ्यात आणि थंडीत गाडी सुरू करण्यापूर्वी बोनेटवर दोन थापा माराव्यात. आत मांजराचे पिल्लू निजलेले असू शकते.

रस्त्यात चाक बदलण्याचा प्रश्न वेगळा. टायरच्या दुकानात हवेच्या यंत्राने नट इतके आवळले जातात की पुढे वाटेत ते तरुणालाही सुटत नाहीत. म्हणून टायरचे कोणतेही काम झाले की घरी येऊन एकेक नट हाताने सैल करून पुन्हा घट्ट करावा, किंवा दुकानातच समोर उभे राहून तसे करून घ्यावे. लांब दांड्याचा, सरकवून वाढवता येणारा पाना गाडीत ठेवावा. नट आधी सैल करावेत, जॅक मागाहून लावावा. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याचा प्रकार मात्र आता पुरे. महामार्गावर, विशेषतः रात्री, चाक बदलण्यापेक्षा धोक्याचा त्रिकोण मागे ठेवून, सर्वांना कठड्यापलीकडे उभे करून मदत मागवणे श्रेयस्कर. विम्याबरोबर अनेकदा रस्त्यावरील मदतीची सोय घेतलेली असते. तिचा क्रमांक कोणालाच ठाऊक नसतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून खणात चिकटवावा.

वर्कशॉपमध्ये जाणे म्हणजे हार मानणे, असा समज जुन्या हातांत असतो, तो काढून टाकण्यासारखा आहे. तेथेच त्यांच्या माहितीचे खरे मोल होते. खरेदी-विक्रीच्या वहीप्रमाणे गाडीचीही एक वही अनेक घरांत असते: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती दिले. काउंटरवरील मुलगा इंजेक्टर साफ करण्याची शिफारस करू लागला आणि समोरच्या गृहस्थांनी वही उघडून सहा महिन्यांपूर्वीची नोंद त्याच्यापुढे धरली, की बिलातील ती ओळ नाहीशी होते. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा, ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरले ते विचारावे, ऑइलचा डबा समोर उघडण्यास सांगावे. घरी कधी काढलेले जळके ऑइल असेल तर तेही तेथेच द्यावे. गटारात किंवा अंगणाच्या कडेला ते ओतले तर मुंग्यांपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सर्वांना ते बाधते. त्वचेलाही ते वाईट; पूर्वी हात त्याने माखत आणि रॉकेलने धुवत, ते आता करू नये.

घरातील बोलणे कसे व्हावे, हा सर्वांत नाजूक भाग. "अण्णा, तुम्ही आता हे सोडा," असे मुलाने म्हटले की संवाद तेथेच संपतो. त्याऐवजी, "अण्णा, रविवारी सईला हवा आणि ऑइल बघायला शिकवाल का? तिला नुकतेच लायसन्स मिळाले आहे," असे म्हटले तर अण्णा स्टूलवर बसतात, नात चाकाशी बसते, आणि गाडीजवळ एकट्याने काम करण्याचा प्रसंगच येत नाही. मुली आणि सुना आता स्वतः गाड्या चालवतात, पण बोनेटची कळ कोठे असते हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. आजोबांनी दाखवलेले त्या विसरत नाहीत.

या रविवारच्या तपासणीत गाडीबरोबर मालकाचीही तपासणी होत असते, हे घरातील मंडळींनी ध्यानात ठेवावे. उजेडातही ऑइलच्या पट्टीवरील खूण दिसेनाशी झाली, क्लच दाबताना गुडघा दगा देऊ लागला, मागे पाहण्यास मान वळेना, तर प्रश्न पान्याचा राहत नाही, स्टिअरिंगचा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नपुढील व्यक्तीचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच नव्याने मिळतो आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पण पाच वर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू पिकून जाऊ शकतो. आधी रात्रीचे चालवणे सोडावे, मग महामार्ग, मग गर्दीच्या पेठा. हा क्रम स्वतः ठरवलेला असेल तर तो जड जात नाही. किल्ली काढून घेण्याची वेळ मुलांवर आली तर ती घटना घरात वर्षानुवर्षे बोचत राहते.

हत्यारांच्या पेटीचेही एकदा पाहून घ्यावे. जुन्या ॲम्बॅसिडरचे पाने इंचांच्या मापाचे. आजच्या गाडीला ते लागत नाहीत, जबरदस्तीने लावले तर नटाची टोके गोल होतात. ते तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. दहा, बारा आणि चौदा मिलिमीटरचे पाने, हवा मोजण्याचे घड्याळ, डोक्याची बॅटरी आणि ती वही एवढे नातीच्या गाडीत राहू द्यावे.