आयसीयूच्या दाराबाहेर

‘आयसीयूत गेलेला माणूस परत येत नाही,’ असं आपल्या मोहल्ल्यात सर्रास बोललं जातं. आकडे वेगळं सांगतात. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने 2010-11 मध्ये देशभरातल्या 120 आयसीयूंतील चार हजारांवर रुग्णांची पाहणी झाली. आयसीयूतले मृत्यू सुमारे 18 टक्के निघाले.

अशा अभ्यासातूनच उपचार सुधारतात. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. रुग्णांनी, त्यांच्या घरच्यांनी होकार दिला म्हणून जगाला हे कळलं.

तेव्हा बहिणींनो आणि भावांनो, डॉक्टरांनी संशोधनाचं संमतिपत्र पुढे केलं, तर ‘आमच्यावर प्रयोग करता का?’ म्हणून भांडू नका. आणि न वाचता सहीही करू नका. आपल्या भाषेत समजावून मागा. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळतातच, तो आपला हक्क आहे.

आणखी एक. इयादत सुन्नत आहे, पण आयसीयूत गर्दी केली तर रुग्णालाच जंतुसंसर्गाचा धोका. हात धुऊन एकानेच आत जावं, बाकीच्यांनी बाहेर दुआ मागावी. दवा आपण करायची. शिफा देणारा अल्लाहच.