विश्लेषण : पंचगंगेतलं केंदाळ प्रदूषणाची साक्ष देऊ शकतं का?

पंचगंगेत जलपर्णी पसरली की कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ परिसरात ती काढण्याची मागणी होते. 'केंदाळ' म्हणून परिचित असलेल्या या वनस्पतीत नदीतल्या जड धातूंची नोंदही साठत असते.

बाटलीभर पाणी का पुरत नाही?

पाण्याचा नमुना त्या क्षणाची स्थिती सांगतो. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत पुढे वाहून गेलेलं असतं. नियमित तपासणीत भर असतो तो विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, कोलीफॉर्म यांवर. शिसं, कॅडमियम अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, तर कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे.

वनस्पती काय सांगते?

जलपर्णीची तंतुमय मुळं पाण्यातले धातू शोषतात. धातू कुजून नाहीसे होत नाहीत. ते आठवडोन् आठवडे मुळांत साठतात. पानांच्या तुलनेत मुळांत त्यांचं प्रमाण सहसा जास्त असतं. मुळं धुऊन, वाळवून, आम्लात विरघळवून प्रयोगशाळेत ते मोजता येतं.

अडचण कोणती?

केंदाळ तरंगतं. तेरवाड बंधाऱ्यावर अडकलेलं रोप कुठून वाहत आलं, हे कळत नाही. त्यामुळे स्वच्छ पाण्यात वाढवलेली रोपं, जिथे केंदाळ आधीच आहे अशा ठिकाणी जाळीच्या चौकटीत ठरावीक काळ बांधून ठेवावी लागतात. नाला मिळण्याआधीच्या आणि नंतरच्या रोपांची तुलना केली की धातू कोणत्या टप्प्यात मिसळतात, हे समजतं. काठच्या पाणकणसासारख्या रुजलेल्या वनस्पती गाळाचा अंदाज देतात. मात्र, या पद्धतीने पाण्याची तपासणी बंद करता येत नाही; कुठे कसून तपासायचं, ते ठरवता येतं.

कोल्हापूरसाठी हे महत्त्वाचं का?

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग आणि शहरांचं सांडपाणी याच खोऱ्यात आहे. धातूकाम, रंग आणि प्लेटिंगच्या सांडपाण्यात जड धातू असू शकतात. त्यात काढलेलं केंदाळ काठावर टाकलं तर कुजल्यावर ते धातू पावसाबरोबर पुन्हा नदीत जातात. त्याचं खत केलं तर शेतात, आणि जनावरांना घातलं तर दुधापर्यंतही पोहोचू शकतात.

म्हणूनच केंदाळ काढण्याच्या मोहिमेत मुळांची तपासणीही हवी. त्यातून प्रदूषणाचा माग लागेल आणि काढलेल्या ढिगाचं काय करायचं, हेही ठरेल.