पीयूसी धुराची झाली, पुढच्या शॉकअपचं काय?

दसरा-दिवाळी आली की आपल्याकडं जुन्या मोटारसायकलींचा बाजार तेजीत येतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विमा, पीयूसी, झाला व्यवहार! पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतो. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का, हे यातल्या एकाही कागदावर येत नाही.

'सील गेलंय, पण चालतंय' म्हणत लोक महिनोन् महिने गाडी पळवतात. चालत नाही हो! पुढं डिस्क ब्रेक असेल तर ते तेल ओघळून डिस्कवर, ब्रेक पॅडवर जातं आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. विकणारा फडक्यानं पाइप पुसून ठेवतो. म्हणून गाडी बघताना पुढचा ब्रेक धरून हँडल आठ-दहा वेळा जोरात दाबा, मग पाइपवर बोट फिरवा. तेलाचं कडं दिसलं की समजायचं. बोटाला गंजाची खरखर लागली तर नुसतं सील बदलून भागत नाही, तोच गंज नवं सीलही कापतो. आणि फिटरला सांगा, इंजिन ऑइल ओतून वेळ मारून नेऊ नकोस बाबा. फोर्क ऑइलच हवं, कंपनीनं दिलेल्या मापानं, दोन्ही बाजूंना सारखं.

खड्ड्यांवरून नगरपालिकेला आपण धारेवर धरतो, धरायलाच हवं. पण गाडीमागं कमिशन घेणाऱ्या एजंटांनीही ब्रेक, टायर, शॉकअपची स्थिती कागदावर लिहून सही करून द्यावी. मागून बघा. नाही म्हणाला तर गाडी तिथंच ठेवा, चहा प्या आणि घरी या.